डिचोलीच्या ऐरणीवर सान्जोचा विळा

मिरगाच्या आत ही नोंद लिहून टाकतो, कारण एकदा पाऊस लागला की माझा सगळा वेळ गंज पुसण्यात जातो. गेल्या नोंदीनंतर माझ्या हातघडणीच्या अवजारांच्या संग्रहात दोनच अवजारे वाढली. नेपाळमधल्या धरानचा एक हँसिया, म्हणजे तिथला विळा, आणि जपानच्या सान्जोचा एक दातेरी विळा. दोन्ही घडवणाऱ्याच्या हातून घेतली.

धरानला मी गेलो तो खुकरीसाठी नव्हे. एक कारण कायद्याचे आहे आणि या छंदात नव्याने आलेल्यांनी ते ध्यानात ठेवावे. आपल्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाते शस्त्रात धरले जाते, आणि खुकरीचा उल्लेख तिथे नावानिशी आहे. शेतीसाठी, घरकामासाठी घडवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. ती अर्थातच चेक-इनच्या सामानातून आणायची, धारेला पुठ्ठा बांधून. दुसरे कारण माझ्या मनाचे. पर्यटकांसाठी केलेली खुकरी भिंतीवर लागते, तिची धार कोणी तपासत नाही. शेजारणीला भात कापायला दिलेला हँसिया मऊ निघाला तर ती दुसऱ्या दिवशी भट्टीवर येऊन उभी राहते. मला तसले अवजार हवे असते.

तो हँसिया ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून निघाला. पाणी पाजायची, म्हणजे तापलेले पाते एकदम थंड करून कडक करायची, वेळ आली तेव्हा लोहाराने पाते बादलीत बुडवलेच नाही. खुकरीला करतात तसेच त्याने याला केले. किटली उचलली आणि तोटीतून पाण्याची बारीक धार नुसत्या कडेवर सोडत मुठीपासून टोकापर्यंत नेली, परत आणली. कड काळी पडली, पाठ अजून लालच. मग तो थांबला. पाठीतली उष्णता हळूहळू कडेकडे उतरते आणि कडक झालेल्या धारेचा ठिसूळपणा तेवढा काढून घेते. घरी येऊन कानस लावून पाहिली. कडेवरून ती काचेवरून घसरावी तशी घसरते, पाठीत मात्र चावते. एकाच पात्याचे दोन स्वभाव, आणि ते साधायला लागली एक किटली!

सान्जो हे निगाता प्रांतातले शहर. पुरात शेती बुडायची म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी 17 व्या शतकात खिळे घडवायला घेतले, आणि त्यातून विळे, कुदळी, सुऱ्या घडवणारी वस्ती उभी राहिली. गोव्यातल्या डिचोलीच्या माणसाला जपान आणि लोखंड हे नाते नवे नाही. 1950 च्या दशकापासून आमच्या खाणींचे खनिज बार्जमधून मांडवीने मुरगावला आणि तिथून जपानला जात राहिले. या विळ्यात ते आहे असे मी म्हणत नाही. पण भट्टीसमोर उभा असताना ते आठवल्यावाचून राहिले नाही.

विळा घेऊन आलो आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या मेस्तांकडे, म्हणजे इथल्या लोहाराकडे गेलो. बाहेरचे कुठलेही अवजार मी आधी त्यांना दाखवतो. त्यांनी चष्मा पुसला, पाते उजेडाला धरले आणि दात्यांवरून अंगठ्याचे नख हळूच ओढले. मग पाते उलटे केले.

“हें आमचेंच काम,” ते म्हणाले.

आणि आतून आपला विळा घेऊन आले. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मलाही दिसले. छिन्नीने दाते पाडलेत ते एकाच अंगाला, आणि सगळे मुठीकडे कललेले, कारण विळा ओढून चालवायचा असतो. दुसरे अंग सपाट. निसण्यावर घासायचे ते फक्त सपाट अंग. तिथले लोखंड झिजते तसतसे दाते आपोआप नव्याने धारदार होतात. सान्जोचे दाते बारीक आणि दाट, मेस्तांचे जरा विरळ. परसात रचलेल्या सुक्या पेंढ्यावर दोन्ही चालवून पाहिले. जपानी विळा आवाज न करता गेला. मूठ मात्र मला मेस्तांचीच आवडली. शेवटी गाठ ठेवलेली असल्यामुळे घामाने हात निसटत नाही.

आता एक नुकसान सांगतो. नेपाळहूनच आधी आणलेली एक छोटी सुरी मी गेल्या पावसात चामड्याच्या म्यानातच ठेवली होती. चतुर्थीला काढली तर पात्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडलेले. चामडे ओल धरते, आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये लोखंड खातात. म्यान वेगळे, पाते वेगळे, हे आता पक्के. खोबरेल तेल मी बंद केले, काही महिन्यांत ते चिकट होते. शिलाई मशीनचे तेल लावतो आणि कपाटात लहान बल्ब पेटता ठेवतो. खंडेनवमीला सगळी अवजारे पाटावर काढून झेंडू वाहायचा असतो. त्या दिवशी गंजाचा डाग दिसला की जीव कळवळतो.

सान्जोच्या लोहाराने मला फोनवरच्या भाषांतरातून विचारले होते, तुमच्याकडचा विळा कसा असतो? मी कागदावर रेघ ओढून दाखवली, पण रेघेत काय कळणार. म्हणून मेस्तांना त्याच्यासाठी एक विळा घडवायला सांगितला आहे. परवा भट्टीवर गेलो तर पाते तयार होते, दाते पाडायचे बाकी.

“तो उजवो काय दावरो?”

मला आठवेना. मोबाईल काढून भट्टीवरचा फोटो मोठा करून पाहिला. हातोडा डाव्या हातात होता. मेस्तांनी पाते उलटे केले आणि खडूने दुसऱ्या अंगावर खुणा करायला घेतल्या.