हाताचं बीपी, मांडीचं बीपी

आजच्या सिझरच्या लिस्टमध्ये ताकायासू नावाच्या आजाराची एक पेशंट होती. सांगलीत एवढी वर्षं भूल देतेय पण असली केस क्वचितच. महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येऊन त्या आतून अरुंद होत जातात, आणि होतं ते जास्त करून चाळिशीच्या आतल्या बायकांना, म्हणजे नेमकं बाळंतपणाच्या वयात. नाव ज्यांच्यावरून पडलं ते ताकायासू हे जपानचे डोळ्यांचे डॉक्टर, १९०८ मध्ये त्यांनी डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बघून हे पहिल्यांदा मांडलं.

पोरगी तासगावकडची. डाव्या हाताला नाडीच नाही, उजव्याला वरचं बीपी ८४. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम बीपी लो हाय, सलाईन जोरात सोडू का?" म्हटलं थांबा, मांडीला कफ बांधा. तिथं १४६! हाताच्या धमन्याच अरुंद, म्हणून तिथला आकडा खोटा, खरं बीपी मांडीचं. हातातल्या आकड्यावर उपचार केले असते तर काय झालं असतं, नकोच तो विचार.

सरांचं मत पूर्ण भूल द्या. मला पटेना, तिच्या मानेच्या धमन्या पण अरुंद, श्वासाची नळी घालताना मान मागे वाकवली की मेंदूचं रक्त अजून कमी, वर त्यावेळी बीपी उसळतं ते वेगळंच, आणि झोपलेल्या पेशंटच्या मेंदूला रक्त पुरतंय का हे कळणार कसं? स्पायनल म्हणजे पाठीत एकाच इंजेक्शनने कंबरेखाली बधिर करणं, त्याने बीपी धाडकन पडतं, म्हणून एपिड्यूरल, म्हणजे पाठीत बारीक नळी ठेवून तिच्यातून बधिर करणं, तेही लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध ॲड्रिनलिन न मिसळता, थोडं थोडं करून. वेळ लागतो. सगळे घड्याळाकडे बघत होते, बघू देत.

तिला बोलतं ठेवलं. द्राक्षाची छाटणी, बेदाण्याचा रेट, सासऱ्यांचा हट्ट, पोरगी एकदम रंगात आलेली आणि मग मध्येच उत्तरं तुटक यायला लागली, "व्हय"... "हां"... मांडीचं बघितलं तर ११० पर्यंत खाली आलेलं. टेबल डावीकडे अजून कलतं केलं, बीपी वाढवणारं फिनाइलएफ्रिन ५० मायक्रोग्रॅम, मिनिटभरात बाई परत बेदाण्यावर! मॉनिटरपेक्षा आधी तिनंच सांगितलं खरं तर.

बाळ आल्यावर गर्भाशय आवळायला लावणारं ऑक्सिटोसिन एकदम न देता सावकाश ड्रिपमधून, आणि त्याच कामाचं मेथर्जिन ट्रेमधूनच काढून ठेवायला लावलं होतं, घाईत कोणी देऊन बसलं तर बीपी कुठल्या कुठे जायचं. आधीपासून स्टिरॉईडवर होती म्हणून हायड्रोकॉर्टिसोन, तेही स्टिरॉईडच, आधीच दिलेलं. पण गर्भाशय आवळलं की तिथलं रक्त परत हृदयाकडे येतं, फुप्फुसात पाणी व्हायची भीती तिथून पुढेच, म्हणून आजची रात्र आयसीयूत.

आत्ता फोन केला. मांडीचं १३८, लघवी चांगली, दम नाही. चहा मागतेय म्हणे.