दंडाचा घेर

होळीच्या आठवडाभर आधी धडगाव तालुक्यातील पाडे पुन्हा भरू लागत. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली कुटुंबे सणाला परतत आणि अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून माझी खरी धावपळ तेव्हा सुरू होई. मुलाच्या डाव्या दंडाच्या मधोमध पट्टी गुंडाळायची, आवळायची नाही, सैलही सोडायची नाही; घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर लाल रंग, म्हणजे अतितीव्र कुपोषण. सुदानमधील छावण्यांत मुलांच्या दंडाला लावतात त्या पट्टीवरही लाल रंग याच आकड्याखाली असतो.

ज्या मदतीने मुले वाचली ती बहुधा आईच्या हातात देता येण्याजोगी होती, असे माझे मत आहे. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. सलाइन अपुरे पडू लागले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून पिंपे भरून ठेवली व पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. सुमारे 30 टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आले.

कुपोषणाच्या बाबतीत हा पालट 1996 नंतरचा, आणि त्याचे श्रेय शेंगदाण्याला आहे. (चटणीवाचून घास न उतरणाऱ्या आम्हा खान्देशी माणसांना याचे विशेष वाटू नये!) वाटलेले शेंगदाणे, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांचे 92 ग्रॅमचे पाकीट सुमारे 500 किलोकॅलरी देते, त्यात पाणी जवळजवळ नसल्याने जंतू सहसा वाढत नाहीत आणि चूलही पेटवावी लागत नाही. त्यापूर्वी औषधी दुधासाठी मुलाला आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवावे लागे. घरी आणखी दोन लेकरे आणि शेळ्या टाकून आलेली बाई तिसऱ्या दिवशी निघून जाताना मी पाहिली आहे, आणि तिला दोष देणे मला कधी जमले नाही.

पाकिटावरील सूचना मराठीत असत आणि बायका पावरी बोलत. आमची सेविका कोपरा फाडून, बोटाने दाबून, आधी स्वतः चाटून दाखवी. तेवढे पुरे होई. एका वर्षी मात्र साठा पोहोचला तो टोळ्या पुन्हा तोडीवर निघून गेल्यावर. पाड्यावर म्हातारी माणसे आणि कोंबड्या तेवढ्या उरल्या होत्या. खोकी मोजून मी नोंदवहीत जमेची सही केली.