छत्तीस पौंडांची तूट

व्हिसाच्या नकाराचे पत्र दुपारी आले. ते तीनदा वाचून झाल्यावर मी बँक स्टेटमेंटची तीच पाने पुन्हा काढली, ज्यांवर पेन्सिलीने बरोबरच्या खुणा मीच केल्या होत्या.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या आर्थिक कागदपत्रांची छाननी करणे हे माझे काम. ही फाइल २०२५ च्या उन्हाळ्यातली, लंडनमधल्या एका विद्यापीठाची. ब्रिटनचा हिशेब वरवर सोपा दिसतो. विद्यापीठाने दिलेल्या कॅसवरची, म्हणजे व्हिसासाठीच्या प्रवेश-पुष्टिपत्रावरची, पहिल्या वर्षाची उरलेली फी, अधिक लंडनमधल्या राहणीखर्चाचे, त्या उन्हाळ्यातल्या दराने, महिना १,४८३ पौंड, तेही जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे, म्हणजे १३,३४७. ही रक्कम विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. काकांचे खाते चालत नाही. बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही ते याच्या पुढचे. त्या २८ दिवसांतली सर्वांत कमी शिल्लकच हिशेबात धरली जाते, आणि खाते पौंडांत नसेल तर तिचे रूपांतर ओआंडा या संकेतस्थळावरच्या अर्जाच्या दिवशीच्या दराने होते. अर्जाचा दिवस म्हणजे फॉर्म पूर्ण केल्याचा नव्हे, शुल्क भरल्याचा. एका दिवसाचा दर मागच्या अठ्ठावीस दिवसांना लावणे मला आजही अन्यायाचे वाटते.

शुक्रवारी मी दर लावून पाहिला तेव्हा सर्वांत खालची शिल्लकही पुरत होती, जेमतेम. त्याच संध्याकाळी मुलाचे कार्ड चालले नाही, शुल्क सोमवारी भरले गेले, आणि तोवर पौंड वधारला होता. छत्तीस पौंड कमी पडले. सोमवारी मी हिशेब पुन्हा केला नाही. सहकारी म्हणतात की उशीर मुलाचा होता. हे म्हणणे सोयीचे आहे, मला ते मान्य नाही.

पण मला अधिक छळते ती सतराव्या दिवसाची नोंद. त्या दिवशी खात्यातून सुमारे चारशे पौंडांएवढी रक्कम गेली होती आणि एकविसाव्या दिवशी पगार जमा होईपर्यंत शिल्लक खालीच राहिली. ती ओळ मी पाहिली, उरलेली रक्कम पुरेशी आहे एवढे तपासले, आणि खूण करून पुढे गेले. पैसे कुठे गेले, हे विचारले नाही. नकारानंतर वडिलांना फोन केला तेव्हा विचारले.

“मॅडम, ती वसतिगृहाची अनामत होती. विद्यापीठालाच भरली.”

विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी विद्यापीठालाच दिलेली अनामत तेव्हा १,४८३ पौंडांपर्यंत आवश्यक रकमेतून वजा होत असे; त्यासाठी ती कॅसवर नोंदलेली असावी किंवा पावती जोडलेली असावी. प्रवेश विभागाने कॅस तयार केला, पैसे निवास विभागाने घेतले, आणि एकाची नोंद दुसऱ्यापर्यंत पोहोचली नाही. असे मी याआधीही पाहिले होते, म्हणून तर विचारायला हवे होते. आता फेरतपासणी मागण्यात अर्थ नव्हता, कारण चूक अधिकाऱ्याची नव्हती आणि न जोडलेली पावती तिथे कोणी बघणार नव्हते. नवा अर्ज म्हणजे नवा कॅस आणि तेव्हाचे ५२४ पौंडांचे शुल्क पुन्हा.

वडिलांनी पावती लगेच पाठवली. ती जोडली असती तर काय झाले असते, हे मी त्यांना त्याच फोनवर सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी नवा कॅस मिळायला किती दिवस लागतात, एवढेच विचारले.