इंडेक्स आहे, पण वापरतंय कोण?

आज दिवसभर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये डोकं घालून बसले होते. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी, ओळी पटकन शोधून देणारी रचना) असूनही सरावातली एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, रखडत होती. क्वेरी प्रत्यक्षात कशी चालते ते दाखवणारं एक्सप्लेन ॲनालाइझ चालवलं, तर समोर सीक्वेन्शियल स्कॅन. म्हणजे अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून वाचणं चालू! व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, तारखेवर फंक्शन लावून नुसतं वर्ष काढलेलं. इंडेक्स मूळ तारखेचा, वर्षाचा नाही. मग प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) त्याला विचारणार कशाला? अट '१ जानेवारी २०२४ पासून, १ जानेवारी २०२५ च्या आधी' अशी केली आणि प्लॅनच पालटला. (वरची मर्यादा '३१ डिसेंबरपर्यंत' ठेवली आणि कॉलममध्ये वेळही असेल, तर शेवटच्या दिवसाच्या नोंदी गळतात.)

अर्थात टेबल छोटं असेल किंवा बहुतेक ओळी लागणारच असतील, तर सगळं वाचणंच स्वस्त पडतं. सीक्वेन्शियल स्कॅन दिसला की लगेच बोंब मारायची नाही.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांमध्ये मांडायची पद्धत) मांडलं, तेव्हापासूनचा विचार हाच: काय हवंय ते आपण सांगायचं, कसं आणायचं ते यंत्रणा बघेल. पण ते 'कसं' तपासायची सवय डीबीए (डेटाबेस सांभाळणारे), डेव्हलपर, ॲनालिस्ट तिघांनाही हवीच, असं माझं ठाम मत झालंय. उद्या विंडो फंक्शन्स (ओळी एकत्र न गुंडाळता त्यांच्या गटावर हिशोब करणारी), त्यांच्यावर तर मी कधीची टपून बसलेय!