हायवे ५५ ने मोहिकनांच्या गावी

विस्कॉन्सिनमधला हायवे ५५ हा तसा साधा दुपदरी रस्ता. लेक विनेबेगोच्या पूर्व काठाने तो वर निघतो, ककॉना गावात फॉक्स नदी ओलांडतो आणि मक्याच्या शेतांतून, दुभत्या गाईंच्या गोठ्यांजवळून शॉनोला पोचतो. पर्यटकांच्या यादीत तो कुठेच नसतो. पण मोहिकन ही अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात; ते लोक या राज्यात आल्यावर जिथे जिथे वसले आणि जिथून जिथून त्यांना उठवलं गेलं, त्या बहुतेक जागा याच रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास आहेत. ऑगस्टमध्ये त्यांच्या वस्तीत पाउवाव, म्हणजे ढोल आणि नाचांचा मेळा, भरतो. तो गाठायचा आणि जाताना वाटेतली ठिकाणं पाहायची, असं ठरवून आम्ही मिल्वॉकीहून सकाळी लवकर निघालो.

मोहिकन हे नाव आपल्याकडे अनेकांनी ऐकलेलं असतं, आणि तेही 'शेवटचा' या विशेषणासकट. १८२६ साली आलेल्या एका अमेरिकन कादंबरीने या लोकांना तिच्या नावातच संपवून टाकलं. पुढे सिनेमे आले आणि जगभर तेच डोक्यात बसलं. त्या १८२६ साली हे लोक काय करत होते? ककॉनाजवळ जमीन साफ करून शेती करत होते, घरं बांधत होते. दोनच वर्षांनी, १८२८ मध्ये, त्यांच्यातल्या इलेक्टा क्विनी या तरुण स्त्रीने तिथे मुलांना शिकवायला सुरुवात केली. विस्कॉन्सिनच्या इतिहासात सार्वजनिक शाळेची पहिली शिक्षिका म्हणून नोंद आहे ती तिची. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. जिवंत माणसं शाळा चालवत असताना त्यांचा मृत्युलेख छापून खपवला गेला, आणि आजही लोक तेच खरं धरून चालतात.

त्यांचा मूळ मुलूख इथून फार लांब, पूर्वेला. न्यूयॉर्क राज्यातली हडसन नदी, तिचं ऑल्बनीच्या आसपासचं खोरं आणि त्याच्या पूर्वेला मॅसॅच्युसेट्समधल्या हूसाटॉनिक नदीचा डोंगराळ भाग. १६०९ मध्ये हेन्री हडसन जहाज घेऊन त्या नदीत शिरला तेव्हा काठावर हेच लोक होते. मग डच व्यापारी आले, बीव्हरच्या कातड्यांचा धंदा आला, त्या धंद्यापायी शेजारच्या मोहॉक लोकांशी लढाया झाल्या, रोगांच्या साथी आल्या, इंग्रज आले. १७३४ मध्ये जॉन सार्जंट नावाच्या मिशनऱ्याने हूसाटॉनिकच्या काठी काम सुरू केलं, आणि तिथे स्टॉकब्रिज नावाचं गाव उभं राहिलं. तेव्हापासून या लोकांना 'स्टॉकब्रिज इंडियन' म्हणायला लागले. गाव त्यांच्यासाठी म्हणून वसवलेलं, पण गोऱ्या शेजाऱ्यांनी कर्जापोटी आणि कज्ज्यांमधून एकेक तुकडा काढून घेतला. १७८० च्या दशकात ते न्यूयॉर्कमध्ये ओनायडा लोकांच्या आश्रयाला गेले. तिथूनही हलावं लागलं. १८१८ मध्ये जॉन मेटॉक्सन याच्याबरोबर एक तुकडी इंडियानातल्या व्हाइट नदीकडे निघाली, पण ती पोचायच्या आतच तिथली जमीन सरकारने तहात घेऊन टाकली होती. बायकामुलांसह इतकं चालून जायचं आणि पोचल्यावर कळायचं की इथेही जागा नाही!

विस्कॉन्सिनमध्ये मेनॉमिनी आणि हो-चंक लोकांशी करार करून १८२२ पासून ते येऊ लागले. आधी ककॉना, मग १८३४ च्या सुमारास लेक विनेबेगोचा पूर्व काठ. म्हणजे आम्ही दक्षिणेकडून येत होतो, तर आधी त्यांचा नंतरचा मुक्काम लागला.

तळ्याकाठच्या त्या गावाचंही नाव स्टॉकब्रिजच. आज ते छोटंसं, शांत गाव आहे. फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावर झोपड्या टाकून भाल्याने स्टर्जन मासा मारायची इथे मोठी धामधूम असते. ऑगस्टमध्ये धक्क्यावर दोन-चार बोटी होत्या आणि पाणी क्षितिजापर्यंत पसरलेलं. गावाबाहेर शेतांच्या मध्ये स्टॉकब्रिज इंडियन दफनभूमी आहे. जमातीचा पुढारी जॉन डब्ल्यू. क्विनी याला तिथेच पुरलं.

क्विनीबद्दल जरा थांबून सांगायला हवं. १८४३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून या लोकांना नागरिकत्व दिलं. ऐकायला चांगलं वाटतं, पण त्या कायद्याने त्यांची सामायिक जमीन माणशी वाटून टाकली आणि जमातीचा स्वतःचा कारभार मोडीत काढला. वाटून दिलेली जमीन विकता येते, आणि गरजू माणसाकडून ती कोण आणि कशी विकत घेतो हे त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये पुरतं पाहिलं होतं. जमातीत उभी फूट पडली. काहींना नागरिकत्व हवं होतं, काहींना जमात म्हणून राहायचं होतं. क्विनी दुसऱ्या बाजूचा. त्याने वॉशिंग्टनच्या वाऱ्या केल्या, अर्जविनंत्या केल्या, आणि १८४६ मध्ये तो कायदा रद्द करून घेतला. ४ जुलै १८५४ रोजी न्यूयॉर्कमधल्या रीड्सव्हिल इथे, पूर्वजांच्या मुलखात, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी त्याने भाषण केलं आणि तुमच्या या उत्सवाच्या दिवशी आमच्या जमिनीचं काय झालं ते ऐका, असं समोरच्या गोऱ्या श्रोत्यांना सुनावलं. पुढच्याच वर्षी तो गेला. कायदा रद्द झाला तरी घरांमधली ती फूट पुढे कित्येक वर्षं भरून आली नाही.

शॉनोच्या पुढे हायवे सोडून पश्चिमेला वळलं की पाइनची झाडं वाढू लागतात. १८५६ च्या तहाने त्यांना इथले दोन टाउनशिप मिळाले, बार्टलमी आणि रेड स्प्रिंग्ज, म्हणजे ७२ चौरस मैल, ४६ हजार एकरांच्या वर जमीन. पूर्वेकडचे मन्सी लोकही एव्हाना त्यांच्यात मिसळले होते. म्हणून जमातीचं आजचं नाव स्टॉकब्रिज-मन्सी. जमीन रेताड, पण तिच्यावर पांढऱ्या पाइनचं घनदाट जंगल होतं, आणि घात झाला तो त्या लाकडापायी. १८७१ मध्ये ऑशकॉशचा लाकूडसम्राट फिलेटस सॉयर स्वतः काँग्रेसमध्ये बसलेला असताना कायदा झाला आणि ७२ पैकी ५४ चौरस मैल विक्रीला निघाले. उरलेलं १९०६ च्या कायद्याने पुन्हा माणशी वाटलं गेलं. कर थकले, गहाणखतं झाली, जंगल तोडून नेलं गेलं. १९३० पर्यंत या लोकांच्या हातात जवळपास काही राहिलं नव्हतं.

तिथून त्यांनी परत उभारी धरली, हा या प्रवासातला मला सर्वात मोलाचा वाटलेला भाग. जमातींना पुन्हा स्वतःचा कारभार करू देणाऱ्या १९३४ च्या इंडियन रीऑर्गनायझेशन कायद्याची संधी साधून त्यांनी १९३७ मध्ये स्वतःची घटना केली, समिती निवडली, आणि तोडून उजाड केलेल्या जमिनीचे तुकडे सरकारमार्फत परत मिळवायला सुरुवात केली. त्यातली मोठी जमीन १९७२ मध्ये जमातीसाठी कायमची राखीव झाली. आर्विड मिलर हे तब्बल २६ वर्षं जमातीचे अध्यक्ष होते. बोलर गावाजवळचं आर्विड ई. मिलर स्मृती ग्रंथालय-संग्रहालय त्यांच्याच नावाचं आहे. त्यांच्या पत्नी बर्निस आणि डोरोथी डेव्हिड्स अशा बायकांनी ते उभं केलं. जुने तह, पत्रं, फोटो, वंशावळी जिथून मिळतील तिथून त्यांनी जमवल्या.

या संग्रहातला बायबलचा दोन खंडांचा संच मला सगळ्यात जास्त भावला. भलेथोरले, जाडजूड ग्रंथ. १७४५ मध्ये इंग्लंडहून, प्रिन्स ऑफ वेल्सच्या धर्मगुरूकडून, ते स्टॉकब्रिजच्या मोहिकन मंडळीला भेट आले. प्रत्येक स्थलांतरात लोकांनी ते बरोबर नेले. मॅसॅच्युसेट्सहून न्यूयॉर्क, तिथून ककॉना, तळ्याचा काठ, मग हे जंगल. एवढं वजन बैलगाडीत, होडीत घालून नेताना घरचं काय काय मागे टाकावं लागलं असेल! आणि मग १९३० च्या सुमारास, जमात सर्वात कंगाल असताना, ते परत मॅसॅच्युसेट्सच्या स्टॉकब्रिजला गेले, तिथल्या मिशन हाउस संग्रहालयात शोभेला. सत्तरच्या दशकात जमातीची माणसं ते पाहायला तिथे गेली तेव्हा त्यांनी मागणी लावून धरली, आणि अखेर १९९१ मध्ये ग्रंथ घरी आले. चर्चची प्रभुभोजनाची भांडी मिळायला २००६ उजाडलं. मागणी न सोडता पिढी संपेपर्यंत पत्रव्यवहार करत राहणं, हे काम मला लढाईपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

पाउवाव मेनी ट्रेल्स पार्कमध्ये भरतो. चारी बाजूंना पाइन, मध्ये नाचाचं रिंगण, कडेला मांडवाखाली ढोलवाले. एकेका मोठ्या ढोलाभोवती सहा-सात जण बसून एकाच तालात काठ्या घालतात आणि गातात. सुरुवातीच्या मिरवणुकीला सगळे उभे राहतात. गरुडपिसांचा दंड आणि झेंडे घेऊन पुढे असतात ते माजी सैनिक. याला जुना आधार आहे: अमेरिकन क्रांतियुद्धात मोहिकन वॉशिंग्टनच्या बाजूने लढले, आणि ३१ ऑगस्ट १७७८ रोजी आजच्या ब्राँक्समध्ये झालेल्या लढाईत डॅनियल निमहॅम, त्याचा मुलगा एब्रहॅम आणि त्यांचे बरेच साथीदार कापले गेले. ज्या देशासाठी मेले, त्याच देशाने परतलेल्यांची गावं घेतली, तरी त्यांची नातवंडं-पतवंडं प्रत्येक युद्धाला जात राहिली.

आमच्या शेजारी एक आई लेकीच्या झग्यावर वाकून बसली होती. त्या झग्याला पत्र्याच्या वळलेल्या शंकूंच्या रांगा शिवलेल्या असतात, नाचताना ते एकमेकांवर आपटून छनछन वाजतात. एक शंकू सैल झाला होता. तिने पर्समधून बारकी पक्कड काढली, तो दाबून घट्ट केला, मुलीला एक उडी मारायला लावली, कान देऊन ऐकलं आणि मगच रिंगणात सोडलं. नंतर निवेदकाने सगळ्यांसाठीचा नाच पुकारला, तेव्हा आम्हीही आत गेलो. कुणी पावलं शिकवली नाहीत, कुणी हसलंही नाही. बाहेर आल्यावर फ्राय ब्रेड खाल्ला, आपल्या भटुऱ्याचा जाडसर भाऊ म्हणा.

आज जमातीचे सुमारे पंधराशे नोंदणीकृत सदस्य आहेत. त्यांचं आरोग्यकेंद्र, वडीलधाऱ्यांसाठीचं केंद्र, घरबांधणी, न्यायालय, 'मोहिकन न्यूज' नावाचं वर्तमानपत्र हे सगळं स्वतःचं आहे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या नॉर्थ स्टार कसिनोमुळे हातात पैसा आला, आणि परिसरातल्या गोऱ्या कुटुंबांनाही तिथे रोजगार आहे. भाषा अस्खलित बोलणारी पिढी विसाव्या शतकातच गेली. आता मिशनऱ्यांनी उतरवून ठेवलेल्या मजकुरांवरून ती पुन्हा शिकण्याची धडपड चालू आहे. हे काम सोपं नाही, पण तिथल्या चिकाटीवर माझा विश्वास बसला आहे.

या वाटेवर एक धागा थेट महाराष्ट्राला जुळतो. मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्सटाउनमध्ये, मोहिकनांच्या मुलखात, १८०६ मध्ये काही कॉलेज विद्यार्थी पावसात गवताच्या गंजीआड प्रार्थनेला जमले. त्यातून अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था निघाली. त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया पडला. अहमदनगरच्या शाळा, 'ज्ञानोदय', पुढे रेव्हरंड टिळक हा सगळा आपल्या ओळखीचा इतिहास तिथून फुटतो. याच बोर्डाने १८३० मध्ये कटिंग मार्श नावाचा मिशनरी ककॉनाला मोहिकनांकडे पाठवला. त्या विल्यम्सटाउनमध्ये आता मोहिकन जमातीचं स्वतःचं ऐतिहासिक वारसा कार्यालय आहे. पूर्वेकडे कुठे रस्ता, पाइपलाइन, इमारत होणार असेल आणि खाली पूर्वजांच्या कबरी किंवा वस्त्या असतील, तर हे लोक हजर होतात.

जमीनही परत येते आहे. ऑल्बनीच्या दक्षिणेला हडसनकाठची पॅप्सकनी बेटावरची १५६ एकर जागा २०२१ मध्ये जमातीच्या नावे झाली. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजजवळच्या मॉन्युमेंट माउंटनच्या एका शिखराचं आणि पायवाटेचं नाव त्याच वर्षी मोहिकनांशी बोलून बदललं गेलं, आणि त्याच डोंगरावरची काहीशे एकर जमीन विकत घेण्यासाठी राज्याने त्यांना अनुदान दिलं.

न्यूजर्सी-बॉस्टनकडची आपली बरीच मंडळी ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग पाहायला मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ बर्कशायर भागात जातात. तिथल्या स्टॉकब्रिजच्या मेन स्ट्रीटवर गाडी लावलीत तर मिशन हाउसमध्ये जा. तिथलं मोहिकनांवरचं प्रदर्शन आता जमातीने स्वतः मांडलेलं आहे. मग पश्चिमेला थोडं चालत जुन्या दफनभूमीपर्यंत जा. १८७७ मध्ये गावकऱ्यांनी तिथे उभा केलेला दगड त्यांना 'आमच्या पूर्वजांचे मित्र' म्हणतो. आणि विस्कॉन्सिनला असाल तर ऑगस्टचा दुसरा शनिवार-रविवार मोकळा ठेवा. बसायला घरच्या खुर्च्या न्याव्या लागतात, आणि निवेदक सांगेल तेव्हा कॅमेरा खाली ठेवायचा.