आरसा निवेपर्यंत

दुपारी दुर्बिणीचं झाकण काढलं आणि नळीत टॉर्च तिरका धरला. धरायला नको होता. तिरक्या उजेडात कुठलाच आरसा स्वच्छ दिसत नाही. धुळीचा कण न् कण उठून दिसतो, मधेच कुठून तरी आलेला एखादा तंतू. हात शिवशिवायला लागतात. मऊ फडकं कपाटात कुठल्या खणात आहे, हे अशा वेळी बरोबर आठवतं.

पण पुसायचं नाही. याबाबतीत मी हट्टी आहे. काचेवरचा अॅल्युमिनियमचा थर असतो साधारण 100 नॅनोमीटरचा. आपला केस त्याच्या कित्येकशे पट जाड. धूळ अडवून अडवून किती उजेड अडवणार? ओरखडा मात्र जन्माचा. फारच झालं तर काही वर्षांनी आरसा बाहेर काढावा, डिस्टिल्ड वॉटर आणि साबणाचा थेंब घेऊन धुवावा, कापसाचा बोळा नुसता ओढत न्यावा, दाबू नये. तोवर धुळीकडे काणाडोळा करावा.

विल्यम हर्शेलला हे लाड परवडणारे नव्हते. त्याचे आरसे तांब्या-कथलाचे. काळवंडले की पुन्हा घासायला बसा. एकदा तो सलग 16 तास हात न उचलता आरसा घासत होता आणि बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत होती, हे तिनेच लिहून ठेवलंय. 1781 मध्ये त्याला युरेनस सापडला आणि त्याचा गाजावाजा झाला. मला मात्र या गोष्टीत कायम कॅरोलिनची बाजू घ्यावीशी वाटते. पुढे तिने स्वतः धूमकेतू शोधले, ते एक बरं केलं.

आमच्या मामाकडे आठ इंची दुर्बीण होती. दिवस मावळताना तो ती गच्चीवर नेऊन ठेवायचा आणि कुणालाही डोळा लावू द्यायचा नाही. “निवू दे आरसा.” आम्ही पोरं भोवती घिरट्या घालायचो. मामी नळीवर हात ठेवून म्हणायची, “का हो, ताप आलाय का याला?” मामा हसायचा नाही. घरातून आलेला आरसा बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतो, त्याच्यावरची हवा तापून वर चढते, आणि मग तारा जागेवर ठरत नाही, नुसता उकळतो. तास, कधी जास्तच, थांबावं लागतं. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. नुसतं थांबायला लावलं.

एकदा मामीने प्रेमाने तो आरसा फडक्याने पुसून काढला. चांगला गोल गोल. संध्याकाळी मामाने टॉर्च धरला, बघितलं, आणि काही बोलला नाही. रात्री शनी लावला. कडं सुटं, मधली काळी फट सुटी, सगळं जागच्या जागी. मामी आयपीसवरून डोळा काढत म्हणाली, “बघा, पुसल्यावर कसा लख्ख दिसतोय!” मामा म्हणाला, “हो.”

त्या एका ‘हो’साठी मी मामाला फार मानतो.

फाइंडरचं, म्हणजे नेम धरायला वर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचं, काम उजेडातच उरकतो. सूर्याकडे पाठ, लांबच्या मनोऱ्याचं टोक दोन्ही दुर्बिणींत मधोमध, झालं. खरा जीव रमतो तो कॉलिमेशनमध्ये, म्हणजे आरसा नेमका सरळ रोखण्यात. आरशाच्या मधोमध चिकटवलेली छोटी गोल खूण, मागे तीन स्क्रू. पुढे येऊन बघायचं, मागे जाऊन एक स्क्रू जरासा पिळायचा, पुन्हा पुढे येऊन बघायचं, तर खूण नेमकी भलतीकडे सरकलेली. डोळा पुढच्या टोकाला, स्क्रू मागच्या टोकाला आणि माणसाचे हात आहेत तेवढेच. यात दुपार कशी जाते कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कळायला नकोच असतं. रात्री येणारी मंडळी शनीला पाच सेकंद देतात आणि विचारतात, “आत चित्र चिकटवलंय का हो?”

2025 मध्ये शनीची कडी अगदी कडेवर आली होती, आपल्याकडून पाहता जवळजवळ नाहीशीच. त्याआधी 2009 मध्ये. आता ती वर्षागणिक उघडत जातील, 2032च्या सुमारास पुरती. मामाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आयपीसमध्ये त्याला आता नुसता पिवळट डाग दिसतो. ऑपरेशन साधं असतं, हे त्याला सगळ्यांनी सांगून झालंय. तो म्हणतो, “करू की, घाई काय आहे?”

परवा पहिल्यांदाच त्याला उलट उत्तर दिलं. म्हटलं, “आहे.”