स्प्रेडशीटच्या कॉलम-टूलचं एआय एजंटसाठी डॉक्युमेंटेशन: माझा अनुभव

गूगल शीट्समध्ये कॉलम घालणं, काढणं, हलवणं आणि त्याचं नाव बदलणं, एवढंच काम करणारं एक टूल. एआय एजंटना, म्हणजे स्वतः टूल चालवून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रॅमना, ते वापरता यावं म्हणून त्याचं वर्णन नव्याने लिहायचं होतं. पॅरामीटर (टूलला द्यायची माहिती), त्यांचे प्रकार, परवानग्या हे सगळं सरळ उरकलं. अडलं ते कॉलमच्या क्रमांकापाशी, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. जुन्या वर्णनात त्याबद्दल एकच ओळ होती: ‘कॉलमचा क्रमांक द्या.’

कुठून मोजायचा क्रमांक? शीट्सच्या एपीआयमध्ये (प्रोग्रॅमने शीट चालवायच्या सोयीमध्ये) मोजणी शून्यापासून होते. ए शून्य, बी एक, सी दोन. त्यातही स्टार्टइंडेक्स, म्हणजे सुरुवातीचा क्रमांक, धरला जातो; एंडइंडेक्स, म्हणजे शेवटचा, धरला जात नाही. फक्त सी काढायचा तर सुरुवात 2 आणि शेवट 3. वापरकर्ता म्हणतो ‘तिसरा कॉलम काढ’, एजंट 3 पाठवतो आणि डी उडतो. एरर येत नाही. टूल ‘यशस्वी’ सांगतं आणि एजंट तेच वापरकर्त्याला कळवतो.

हे एका वाक्यात सांगता येतं. खरी मारामारी पुढे आहे. समजा, हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सच्या शीटमधून सी आणि ई काढायचे आहेत. एजंट सुरुवातीला शीट वाचतो आणि 2 व 4 हे क्रमांक ठरवतो. सी गेला की ई सरकून 3 वर येतो. आता 4 पाठवला की मूळचा एफ जातो, म्हणजे थकबाकीचा कॉलम गायब. माणसाला स्क्रीनवर कॉलम सरकलेले दिसतात. एजंटकडे असतो तो आधी वाचलेला मजकूर, आणि तो आता शिळा झालेला असतो. दोन्ही विनंत्या एकाच बॅचअपडेटमध्ये (अनेक बदलांच्या एकत्र विनंतीत) घातल्या तरी सुटका नाही, कारण त्या क्रमाने चालतात आणि दुसरी विनंती पहिलीने बदललेल्या शीटवर लागू होते. म्हणून ‘नेहमी उजवीकडून डावीकडे काढा, आधी ई, मग सी’ हे मी उदाहरणासकट वर्णनाच्या पहिल्या परिच्छेदात घातलं. बॅचचा फायदा वेगळाच आहे: एक विनंती जरी अवैध ठरली तरी काहीच लागू होत नाही, शीट अर्धवट बदलून राहत नाही.

कॉलम हलवण्याचा नियम आणखी निराळा. तिथे पोचायची जागा कॉलम उचलण्याआधीच्या मोजणीने द्यायची असते. ए उचलून सी आणि डी यांच्या मध्ये ठेवायचा तर डेस्टिनेशन (पोचायची जागा) 3, 2 नव्हे. हे कुणालाही तर्काने सुचणार नाही, त्यामुळे उदाहरण नसेल तर एजंट हमखास चुकतो.

माझं ठाम मत झालं की एजंटकडून क्रमांक मागूच नये. कॉलमचं अक्षर किंवा शीर्षक घ्यावं, आकडेमोड टूलने करावी आणि प्रत्येक बदलानंतर कॉलमची ताजी यादी उत्तरातच परत द्यावी. टूलमध्ये तसा बदल झाल्यावर वर्णन निम्म्यावर आलं.

मराठी शीर्षकांचं एक वेगळं दुखणं आहे. ‘दुसऱ्या हप्त्याची रक्कम’ मधला ऱ युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) एकच अक्षर म्हणून येऊ शकतो, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळून. काही कीबोर्ड र, हलन्त आणि न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह असं लिहितात. डोळ्यांना तिन्ही जवळपास सारखेच, तुलनेत तिन्ही वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे अशी वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या प्रमाण रीतीने, पहिले दोन जुळतात, तिसरा जुळत नाही. म्हणून वर्णनात लिहिलं: ‘शीर्षक स्वतः टाइप करू नका, यादीतून आहे तसं घ्या.’

कॉलम घालण्याबद्दल दोन इशारे आवर्जून द्या. टाइमआउट झाल्यावर, म्हणजे उत्तर वेळेत न आल्यावर, एजंट तीच विनंती पुन्हा पाठवतो आणि दोन रिकामे कॉलम तयार होतात. म्हणून आधी यादी वाचून खात्री करायला सांगा. दुसरं म्हणजे व्हीलूकअप, तक्त्यातून दिलेल्या क्रमांकाच्या कॉलममधलं मूल्य शोधून आणणारं सूत्र. त्यातला कॉलमचा आकडा हाताने लिहिलेला असेल तर मध्ये नवा कॉलम आल्यावर तो बदलत नाही, आणि सूत्र गुपचूप शेजारचं मूल्य देतं. सूत्रात थेट उल्लेख असलेला कॉलम काढला तर निदान रेफ एरर, म्हणजे संदर्भ हरवल्याची एरर, दिसते. इथे तीही नाही.

नव्या कॉलममध्ये मूल्यं भरायची सोय असेल तर मूल्य दिलं तसंच ठेवणारा ‘रॉ’ हा पर्याय डीफॉल्ट ठेवा. माणसाने टाइप केल्यासारखा अर्थ लावणारा ‘यूझर एंटर्ड’ ठेवला की फ्लॅट नंबर ‘1-2’ ची तारीख होऊ शकते आणि ‘0042’ चा 42 होतो.

एररचा मजकूरसुद्धा डॉक्युमेंटेशनच आहे, कारण अडलेला एजंट तोच वाचून पुढचं पाऊल ठरवतो. ‘अवैध इनपुट’ वाचून तो तीच विनंती पुन्हा पाठवत राहतो. त्याऐवजी टूलने असं सांगावं: ‘रक्कम या शीर्षकाचे दोन कॉलम आहेत, डी आणि जी. शीर्षकाऐवजी अक्षर द्या. शीटमध्ये काहीही बदललेलं नाही.’